राहुरीचा हिरवा स्फटिक
दुय्यम खनिजांच्या उत्पत्तीचा एक आढावा

अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही नुसते 'नगर' एवढेच नाव आहे, विहिरीचे खोदकाम ज्याने काठावर बसून पाहिले असेल त्याला हा अनुभव खासच असेल, की वरची काळी माती आणि तिच्याखालचा मुरूम संपला म्हणजे पहारेला कधी घण परतवून लावणारा अखंड काळा पाषाण लागतो, तर कधी ज्याला खोदणारे लोक 'मांजऱ्या' म्हणतात तो छिद्राछिद्रांचा, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांनी गजबजलेला, उन्हापावसात एक-दोन वर्षे पडला तर भुसभुशीत होणारा थर लागतो. शेतकऱ्याचे लक्ष पाण्याच्या पाझराकडे असते, यारीवाल्याचे पाटीकडे; त्यामुळे उपशाच्या ढिगाऱ्यात जे पांढरे सुईसारखे झुबके, मोतिया पानांचे गुच्छ आणि काचेसारखे लखलखणारे चौकोनी खडे येतात, त्या साऱ्यांना 'गारगोटी' या एकाच नावाने निकालात काढण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे. परंतु यांतील बहुतेक खडे गारगोटी नव्हेत. ते निराळ्या वंशाचे, निराळ्या घटनेचे आणि ज्या पाषाणात ते सापडतात त्याच्याहून वयाने पुष्कळच लहान असे आहेत. २००१ साली राहुरीजवळच्या मोमीन आखाडा येथे एका विहिरीच्या खोदकामात गर्द हिरव्या ॲपोफिलाइटचे जे गोलाकार पुंजके निघाले, ते पाहता पाहता जगभरच्या खनिजसंग्राहकांच्या चर्चेचा विषय झाले आणि राहुरीचे नाव, जे आपल्याला ऊस, मुळा धरण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांमुळे परिचित, ते परदेशातील संग्रहालयांच्या नामपट्ट्यांवर जाऊन बसले. हा हिरवा रंग कोठून आला, हा स्फटिक कसा व केव्हा घडला, आणि त्याविषयी आजवर काय निश्चित झाले आहे, हे एकत्र मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ज्या वस्तूला खनिजशास्त्रात 'दुय्यम खनिज' म्हणतात तिची कल्पना स्पष्ट करण्यास युरेनियमच्या खनिजांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, म्हणून विषयाची सुरुवात नगरपासून दूर जाऊन करणे मला सोयीचे वाटते. युरेनियमचे मूळ खनिज म्हणजे युरॅनिनाइट, काळे, जड, निस्तेज. त्यात युरेनियम बहुतांशी चार संयुजेच्या अवस्थेत असते आणि त्या अवस्थेत ते पाण्याला जवळजवळ दाद देत नाही. परंतु त्या खनिजाला हवेतील प्राणवायू मिसळलेले पाणी पोचले, की युरेनियमची संयुजा सहावर जाते, दोन ऑक्सिजन अणूंना दोन बाजूंस सरळ रेषेत घट्ट धरून ते 'युरेनिल' नावाचा आयन बनते, आणि हा आयन पाण्यात, विशेषतः कार्बोनेटयुक्त पाण्यात, सुखाने प्रवास करू लागतो. वाटेत फॉस्फेट भेटले, तांबे भेटले, व्हॅनेडियम भेटले, की त्यांच्याशी संयोग पावून तो पुन्हा घन रूप घेतो. आणि काळ्याकुट्ट जनकापासून पिवळीधमक व हिरवीगार संतती जन्मास येते. तांबे, युरेनिल व फॉस्फेट यांपासून बनलेले टॉर्बर्नाइट हे त्यांतील एक देखणे अपत्य होय. पाचूच्या रंगाचे, चतुष्कोणीय वर्गाचे, चौकोनी पातळ पत्र्यांचे हे खनिज स्वीडिश रसायनवेत्ता टॉर्बर्न बर्गमन याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू कोंडलेले असतात, आणि ते इतक्या सैलपणे, की उष्ण व कोरड्या हवेत त्यांतील काही निघून जातात आणि स्फटिक निस्तेज होऊन मेटाटॉर्बर्नाइट नावाच्या दुसऱ्याच खनिजात त्याचे रूपांतर होते. आपल्या देशात सिंहभूमच्या ताम्र-युरेनियम पट्ट्यात, ज्या पट्ट्यात जादुगुडाची प्रसिद्ध खाण आहे, या कुळातील खनिजांची नोंद झालेली आहे.

आता प्रश्न असा, की नगरच्या खडकांत असे युरेनियमचे दुय्यम खनिज का सापडू नये? याचे उत्तर नशिबाचे नसून जमाखर्चाचे आहे. ग्रॅनाइटासारख्या खडकात दहा लाख भागांत सुमारे चार भाग युरेनियम असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे नगरच्या याच काळ्या पाषाणात, ते एका भागाहूनही कमी. ज्या घरात धान्यच नाही तेथून पाणी काय वाहून नेणार? उलट व्हॅनेडियम हे जे दुसरे मूलद्रव्य, त्याची शिल्लक याच बेसाल्टमध्ये दहा लाखांत अडीचशे-तीनशे भागांच्या घरात आहे. ते लोहखनिजाच्या बारीक कणांत व पायरॉक्सीनमध्ये विखुरलेले, तीन संयुजेच्या अवस्थेत गुपचूप पडून असते, डोळ्यांना त्याचा मागमूसही लागत नाही. त्याची संयुजा चारवर गेली की तेही युरेनियमप्रमाणेच एका ऑक्सिजन अणूला अगदी जवळ ओढून 'व्हॅनेडिल' नावाचा आयन बनवते. आणि या व्हॅनेडिलच्या अंगी निळ्या-हिरव्या रंगाची जी शक्ती आहे तीच राहुरीच्या स्फटिकात प्रकट झालेली आहे. युरेनिल आणि व्हॅनेडिल ही नावेच नव्हेत, तर त्यांचे वर्तनही भावकीचे आहे: दोन्ही मुळात विखुरलेली, दोन्ही ऑक्सिडीकरणाने मोकळी झालेली, दोन्ही पाण्याच्या पाठीवर बसून आलेली. फरक एवढाच, की युरेनियमचा पिवळा रंग पूर्ण ऑक्सिडीकरणाची साक्ष देतो, तर व्हॅनेडियमचा हा हिरवा रंग अर्धवट ऑक्सिडीकरणाची. कारण ऑक्सिजन याहून वाढता तर व्हॅनेडियम पाच संयुजेवर गेले असते आणि हा रंग उरला नसता. दोघांची पूर्ण ऑक्सिडीकृत रूपे एकत्र पाहायची असतील तर ती कार्नोटाइट या पिवळ्या खनिजात दिसतात, ज्यात पोटॅशियमच्या सोबतीने युरेनियम सहाच्या आणि व्हॅनेडियम पाचच्या अवस्थेत नांदते.

व्हॅनेडियमच्या रंगांविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. मेक्सिकोत १८०१ साली देल रिओ याने हे मूलद्रव्य प्रथम ओळखले तेव्हा त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून त्याने त्याला 'सर्वरंगी' अशा अर्थाचे नाव दिले. पण पुढे स्वतःच्या शोधावरचा त्याचा विश्वास उडाला, आणि १८३० साली सेफस्ट्रॉम याने स्वीडनमध्ये ते पुन्हा शोधून सौंदर्याच्या नॉर्स देवतेवरून त्याचे आजचे नाव ठेवले. दोन खंडांत, दोन माणसांनी, एकमेकांशी संबंध नसताना रंगावरूनच नाव सुचवावे, यात या मूलद्रव्याचा स्वभाव पुरता आला.

ॲपोफिलाइटचे गुणधर्म आता पाहू. पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, फ्लोरीन आणि पाणी यांचे हे खनिज. ज्यात फ्लोरीनचे प्राधान्य तो प्रकार फ्लोरॲपोफिलाइट, आणि आपल्याकडील बहुतेक नमुने याच प्रकारात मोडतात. याची कठिनता साडेचार ते पाच, म्हणजे चाकूच्या टोकाने जेमतेम चरा पडेल इतकी. विशिष्ट गुरुत्व सुमारे २.३ ते २.४, त्यामुळे हातात घेतल्यास खडा दिसतो त्यापेक्षा हलका वाटतो. स्फटिक चतुष्कोणीय वर्गाचे, कधी टोकदार मनोऱ्यासारखे, कधी इतके समप्रमाण, की अजाण माणसास ते घनाकृतीच वाटावेत; परंतु माथ्यावरचा पृष्ठभाग मोत्यासारखा चमकतो आणि बाजूचे पृष्ठभाग काचेसारखे, यावरून जाणकार फसत नाही. याच मोतिया चमकेमुळे जुन्या युरोपीय खनिजवेत्त्यांनी त्याला 'मत्स्याक्ष पाषाण' म्हटले होते. माथ्याला समांतर असे त्याचे पाटन पूर्ण आहे; सुरीचे पाते योग्य ठिकाणी टेकवून हलका ठोका दिला की पान सुटावे तसा पापुद्रा सुटतो. तापवल्यावरही तो पानापानांनी उकलतो, आणि म्हणूनच फ्रेंच खनिजवेत्ता आयुई याने १८०६ च्या सुमारास ग्रीक भाषेतील 'पान सुटणे' या अर्थाच्या शब्दांवरून त्याचे नाव ठेवले. वर सांगितलेल्या टॉर्बर्नाइटशी याचे साम्य पाहावे: तोच चतुष्कोणीय वर्ग, तीच थरांची रचना, थरांमध्ये तसेच कोंडलेले पाणी, तेच माथ्याचे पाटन, आणि राहुरीच्या नमुन्यांत तर रंगही हिरवाच. पण टॉर्बर्नाइट पेटीत ठेवल्या ठेवल्या पाणी गमावते, तर ॲपोफिलाइटचे पाणी निघण्यास काही शे अंशांची उष्णता लागते. नगरच्या उन्हाळ्याची त्याला कसलीच भीती नाही. आणि हिरवा म्हणून कोणी त्यात किरणोत्सर्गाची शंका घेईल तर तीही निराधार आहे. त्यातील पोटॅशियमचा नैसर्गिक अंश वगळला तर त्यात किरण देणारे असे काही नाही.

लोक याला झिओलाइट म्हणतात, आणि बाजारात तर हा शब्द सर्रास चालतो. परंतु ते बरोबर नाही. झिओलाइट हे नाव क्रॉन्स्टेट याने १७५६ साली तापवताच उकळल्यासारखे फसफसणाऱ्या खनिजांना दिले. त्यांच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम अवश्य असते. ॲपोफिलाइटमध्ये ते नाही. वरवर पाहता ही बाब किरकोळ, पण खनिजाच्या जन्मवेळेचा पत्ता याच गोष्टीत लपलेला आहे, कसा ते पुढे सांगतो.

जन्मकथेसाठी आपल्याला सुमारे ६.६ कोटी वर्षे मागे जावे लागते. त्या काळी भेगांतून लाव्ह्याचे लोंढे एकामागून एक बाहेर पडून एकावर एक पसरले, आणि आजही झीज होऊन जो भाग उरला आहे तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा मुलूख व्यापतो. या थरांचा क्रम लावताना भूवैज्ञानिकांनी सर्वांत खालच्या उपसमूहाला जे नाव दिले ते कळसूबाईचे, म्हणजे आपल्याच अकोले तालुक्याच्या सीमेवरील १६४६ मीटर उंचीच्या शिखराचे. ही गोष्ट नगरकरांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. दख्खनच्या खडकांवर पद्धतशीर लिहिणाऱ्यांत मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांचे स्थान आद्य आहे. त्यांचा या प्रदेशावरील भूशास्त्रीय निबंध १८३० च्या दशकात प्रसिद्ध झाला, आणि कलेक्टरी, जमाबंदी, पीकपाणी यांच्या तपशिलाबरोबरच त्यांनी डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांची रचनाही टिपली. पुढे बोरघाटात आगगाडीचा रस्ता फोडताना, १८५६ ते १८६३ या काळात, पोकळ्याच्या पोकळ्या भरून ॲपोफिलाइट आणि त्याचे सोबती निघाले, आणि तेव्हापासून विलायतेच्या संग्रहालयांत दख्खनचा हा ऐवज जमा होऊ लागला.

प्रत्येक लोंढा थिजताना त्यातील वायू वर चढतो आणि वरच्या भागात बुडबुड्यांची छिद्रे राहतात. दोन लोंढ्यांमध्ये काळ गेला असेल तर खालच्या लोंढ्याचा वरचा थर भाजून व कुजून गेरूसारखा लाल होतो. ही छिद्रे, भेगा आणि पोकळ्या म्हणजेच पुढे खनिजांची पाळणाघरे. बेसाल्टमधील काच व फेल्डस्पार पाण्याच्या संगतीने विघटित होतात. त्यांतून सुटलेले सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिका विद्रावात येतात आणि पोकळीच्या भिंतीवर क्रमाक्रमाने साचतात. प्रथम हिरवट मातीचे पातळ अस्तर, मग कित्येकदा गारेचा वा कॅल्सेडोनीचा थर, त्यानंतर ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट अशा झिओलाइटांची मांदियाळी. यांतील बहुतेकांस लागणारी उष्णता शंभर अंशांच्या आसपासची किंवा त्याखालचीच. आइसलँडमधील ऊन झऱ्यांच्या प्रदेशात खोल भोके घेऊन केलेल्या मोजणीने याला पुष्टी मिळाली आहे. आता वर सोडलेला धागा येथे उचलू: झिओलाइटे तयार होता होता विद्रावातील ॲल्युमिनियम खर्ची पडते, आणि ते संपत आल्यावर उरलेल्या सिलिका-कॅल्शियमच्या विद्रावात, पोटॅशियम व फ्लोरीन पुरेसे असल्यास, ॲपोफिलाइट जन्म घेते. म्हणूनच ते सहसा स्टिल्बाइटाच्या पानांवर बसलेले दिसते, स्टिल्बाइट त्याच्यावर क्वचित. पाहुण्यांच्या पंगतीत कोण आधी बसला हे पाटांवरून कळावे तसे या खनिजांच्या बैठकीवरून त्यांचा क्रम कळतो, आणि हा क्रम वाचण्यास प्रयोगशाळा लागत नाही. भिंग आणि धीर पुरे होतात.

या दुय्यम खनिजांच्या वाटणीत काही नियम आहे की ती केवळ यदृच्छा आहे, या प्रश्नावर दोन पक्ष दीर्घकाळ उभे आहेत. जॉर्ज वॉकर यांनी आइसलँडच्या पूर्व भागात १९६० च्या सुमारास असे दाखवले, की खोलीनुसार झिओलाइटांचे आडवे पट्टे पडतात आणि ते लाव्ह्याच्या थरांना छेदून जातात. अर्थात ते लाव्ह्याबरोबर घडले नसून थर रचले गेल्यावर, दबलेल्या खडकाच्या उष्णतेत घडले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. सुखेस्वाला व त्यांचे सहकारी अवसिया व गंगोपाध्याय यांनी १९७४ साली पश्चिम भारतातील झिओलाइटांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात त्यांनी लॉमोंटाइट, स्कोलेसाइट व ह्यूलँडाइट यांच्या प्राबल्याचे तीन विभाग आखले. उलट पक्षाचे म्हणणे, की विहिरीगणिक, खाणीगणिक खनिजांचा संच बदलतो, आणि भेगांतून कोठे किती पाणी खेळले यावरच सारे अवलंबून आहे. माझे मत असे, की दोन्ही पक्षांनी निरनिराळ्या मापांनी मोजले आहे: शंभर कोसांच्या नकाशावर पट्टे खरे, आणि एका शिवाराच्या नकाशावर भेगा खऱ्या. मोमीन आखाड्याच्या विहिरीत जे निघाले ते शेजारच्या विहिरीत निघेलच असे नाही, हे खोदणाऱ्याला शास्त्रज्ञाच्या आधी ठाऊक होते.

वयाचा प्रश्न मात्र अलीकडे बराच निवळला आहे. ॲपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असल्यामुळे किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून त्याचे वय काढता येते. येथे पुन्हा एकदा युरेनियमच्या शास्त्राचे ऋण मान्य करावे लागते, कारण खडकांचे वय किरणोत्सर्गाने मोजण्याची विद्या मुळात युरेनियमच्याच खनिजांवर सुरू झाली. मुंबई, नाशिक व जळगाव येथील नमुन्यांवर ओटेन्स, ग्योत्सं आदी संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कामावरून असे दिसते, की या स्फटिकांच्या एकाहून अधिक पिढ्या आहेत. काहींचे वय पाच कोटी वर्षांच्या घरात, तर काहींचे अडीच कोटी वर्षांच्या घरात येते. याचा अर्थ मोठा आहे. लाव्हा थंड होऊन गेला, त्याच्यावर नद्यांनी दऱ्या कोरल्या, आणि त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी ऊन पाणी पुन्हा त्या पोकळ्यांत शिरून नवे स्फटिक वाढवीत राहिले. ज्वालामुखीने पाषाण दिला, पण अलंकार मात्र पाण्याने घडवला. आणि पाण्याचा हा उद्योग निराळ्या थंड रूपात अजून चालू आहेच: पारनेर तालुक्यात वडगाव दर्या येथे बेसाल्टच्या कपारीत चुन्याचे लोंबते खांब वाढलेले आहेत, ते याच विरघळण्या-साचण्याच्या व्यापाराचे आजचे पान.

रंगाकडे परत येऊ, कारण राहुरीचे वैशिष्ट्य तेच आहे. बहुसंख्य ॲपोफिलाइट रंगहीन वा पांढरे असते. अमेरिकेतील जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ साली दख्खनच्या हिरव्या नमुन्याचा वर्णपट घेऊन त्यातील रंगाचे कारण व्हॅनेडिल आयन हेच होय असे निश्चित केले. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जो गडद निळा कॅव्हन्साइट विपुल निघू लागला, त्याच्याही रंगाचे कारण तेच. हे खनिज अमेरिकेत ओरेगॉन राज्यात १९६७ साली प्रथम आढळले आणि कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून १९७३ साली त्याचे नामकरण झाले. पण कॅव्हन्साइटमध्ये व्हॅनेडियम हा घटनेचा अविभाज्य घटक आहे, तो नसेल तर खनिजच नाही. राहुरीच्या ॲपोफिलाइटमध्ये तो पाहुणा आहे, अत्यल्प प्रमाणात आलेला. घटक आणि पाहुणा यांतील हा भेद लक्षात घेतला म्हणजे कळते, की वाघोलीच्या पाण्यात व्हॅनेडियमची आवक भरपूर होती, आणि राहुरीच्या पाण्यात ती बेताची असूनही वेळेवर, म्हणजे ॲपोफिलाइट वाढत असतानाच, पोचली. एकच मूलद्रव्य, दोन शिवारे, दोन निरनिराळ्या हकीकती.

रॉसमन यांच्या त्या निबंधात नमुन्याचे ठिकाण 'पूना' असे दिले आहे, आणि माझ्या मनाला याच शब्दापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकापासून दख्खनचा कुठलाही खडा पुणे वा मुंबई मार्गे परदेशी गेला की त्याच्या नामपट्टीवर त्या बाजारपेठेचे नाव चढे. गाव, थर, खोली ही माहिती वाटेतच गळून पडे. खनिजाचे रासायनिक घटक शंभर वर्षांनीही मोजता येतात, त्याचे वय काढता येते, परंतु ते कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीतून, कोणत्या थरातून आले हे एकदा विसरले गेले की कुठल्याही यंत्राने परत मिळत नाही. वर सांगितलेला पट्टे आणि भेगा यांचा वाद आजवर मिटला नाही, त्याचे मोठे कारण हेच असावे, की हजारो सुंदर नमुने जगात आहेत पण त्यांच्या जन्मस्थानांचे दप्तर कोरे आहे. मोमीन आखाड्याचे नाव टिकले, कारण तो शोध गाजला. ज्या विहिरींतील खडे गाजले नाहीत त्यांची नावे गेली.

संगमनेरला लागून असलेल्या सिन्नर येथे 'गारगोटी' या नावाचे खनिजसंग्रहालय उभे राहिल्याने नाशिक-नगर भागातील माणसाला हे स्फटिक आपल्याच मुलखात डोळ्यांनी पाहण्याची सोय झाली, ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु नोंदीचे काम त्याच्याही आधी, विहिरीच्या काठावर व्हावयास हवे. महाराष्ट्रात विहिरीची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होते; जमिनीखालच्या खनिजावर सरकारचा हक्क महसूल अधिनियमाने सांगितलेला आहे; आणि १९७२ पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी नियमाने मोजत आली आहे. म्हणजे नोंदीची माणसे, कागद आणि सवय हे तिन्ही आपल्याजवळ आहेत. त्यात आणखी दोनच रकाने हवेत: मांजऱ्या किती परसांवर लागला, आणि त्याच्या पोकळ्यांत काय भरले होते, पांढरे की हिरवे, सुया की पाने. विहिरीला पाणी लागले, बांधकाम वर चढले, की तो थर पुन्हा दिसत नाही, आणि उपशाचा ढीग पुढच्या उन्हाळ्यात गाडीरस्त्यावर मुरूम म्हणून पसरला जातो. तेव्हा ही नोंद करण्यास जो अवधी मिळतो तो फार तर यारी उभी असेपर्यंतचा.